पाचाची जुडी

शिक्षकांच्या प्रशिक्षणात गणिताच्या बाई पहिल्याच बेरजेला सपशेल चुकल्या आणि घरी मात्र खुशीत परतल्या.

दुसरीतली लेक वही मिटून बसली होती. अडतीस अधिक पाच बरोबर ३१३, हे तिचे ठरलेले उत्तर आणि "लक्ष कुठं असतं तुझं?" हा आईचा ठरलेला प्रश्न. हल्ली तर आईसमोर ती गणित काढेनाशीच झाली होती.

बाईंनी काड्यांचा डबा जमिनीवर पालथा केला.

"आज प्रशिक्षणात आम्हाला दहाची जुडी बंद. पाच काड्या झाल्या, की बांधायची जुडी. दोन जुड्या, तीन सुट्या, म्हणजे २३. त्यात मिळवायच्या चार. मी काय लिहिलं असेल?" त्यांनी कागदावर २१२ लिहिले.

मुलीने सात सुट्या काड्यांतून पाचांची जुडी बांधली, ती आधीच्या दोन जुड्यांशेजारी ठेवली आणि उरलेल्या दोन काड्यांकडे पाहिले.

"अगं आई, जुड्या तीन झाल्या ना! बत्तीस लिहायचं. लक्ष कुठं असतं तुझं?"

"तिथंच होतं गं, सगळंच्या सगळं."

दोघी पोट धरून हसल्या.

कारण साधे होते. सातातून जुडी वेगळी काढण्यातच बाईंचे सगळे लक्ष खर्ची पडले होते; ती जुडी कुठे ठेवायची, यासाठी काही शिल्लकच उरले नव्हते. ३१३ चे कारणही तेच होते.