खुडूक

होमस्टेच्या नाश्त्याला अंडी कमी पडू लागली, म्हणून नम्रता शेजारच्या एस्पेरांसामावशीकडे विचारायला गेली. मावशी दमून पायरीवर बसली होती. नुकतीच बादलीत बुडवून काढलेली कोंबडी समोर पिसं झाडत होती.

"खुडूक झाली हा गो. खाली एक अंडा नाय, तरी टोपली उबवत बसता. रोज भिजवतंय, रोज परत जावन बसता. हिका कोण समजवतला?"

नम्रताने मग मनातलं दुसरं काम, मावशीच्या मुलाच्या खोलीचं, काढलं. "मावशी, तुमच्या केव्हिनान आता कॅनडातच घर घेतल्यान. त्याची खोली माका पावण्यांसाठी भाड्यान देतालात काय?"

मावशीने ओले हात पुसले.


"ती नको गो. आजच मी त्याच्या खाटीवरची चादर बदललंय."