रजेचं कारण

“वर्षात आठ वेळा आजारी! लॅबची इनचार्ज व्हायचं तर तब्येत इतकी नाजूक कशी चालेल?” बेंद्रेसाहेबांनी माझे रजेचे अर्ज टेबलावर पसरले. पोटदुखी, अर्धशिशी, पुन्हा पोटदुखी. अक्षर माझंच होतं.

आमच्या दूध डेअरीत आजारपणाची पगारी रजा फक्त स्वतःच्या दुखण्याला मिळते. खरं सांगितलं तर नोकरीवर बेतेल, नाही सांगितलं तर बढती हातची जाईल.

“साहेब, मी ठणठणीत आहे. आजारी माझी मुलगी पडते. पाळणाघरात तापाचं मूल घेत नाहीत.”

“मग तिचे वडील काय करतात?”

“त्यांच्या ऑफिसात त्यांची कंबर धरते, साहेब. आम्ही आलटून पालटून आजारी पडतो.”

साहेब चष्मा काढून हसतच सुटले. इनचार्जच्या जागी माझं नाव लिहून त्यांनी कोरा कागद पुढे केला. “घरातल्या लेकरांच्या आजारालाही ही रजा द्या, असा अर्ज लिहा. बायांना आणि बाप्यांना, दोघांनाही. खाली मीही सही करतो.”

“तुम्ही?”

“परवा चक्कर येते म्हणून मी रजा घेतली होती ना?” साहेब हळूच म्हणाले, “नातीला कांजिण्या आल्या होत्या.”