कुणाच्या हाकेला

बारकूच्या मणक्याचं ऑपरेशन अर्ध्यावर आलं आणि नर्स बाहेर धावत आली. "मशीनवर पायांच्या नसा मंद दिसतायत. भूल हलकी करून बोटं हलवायला सांगतोय, पण बारकू म्हटलं तर ते दादच देत नाहीत. घरी काय म्हणता त्यांना?"

"आमी नवऱ्याचं नाव नाय घेत." त्याची बायको जिवली बाकावरून उठली. वीस वर्षं उंबऱ्याच्या आत येऊ न दिलेली हाक तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली. "धसईच्या बाजारात मिरच्या इकनारी हौशी 'मोरा' म्हनते. भर गर्दीत मान वळते त्यांची."

थोड्या वेळाने नर्स हसत परत आली. "हलवले हो! दोन्ही पाय!"

जिवलीने देवाला हात जोडले. ते तसेच ठेवून हळूच विचारलं, "बाय, हाक ऐकून हसले का गो ते?"