इंजिनिअरसाहेबांची शिकवणी

“चार,” होविता म्हणाली.

“दहापैकी?” इंजिनिअरसाहेबांचा चेहरा पडला. “का?”

“आल्या आल्या कामाचं काढलंत म्हणून. आधी आई कशी आहे, विचारायचं. मग गाय. मग स्पेनला गेलेली मुलगी. माणूस खुर्चीत नीट टेकल्याशिवाय वाईट बातमी तोंडाबाहेर काढायची नसते, साहेब.”

साहेबांनी, म्हणजे वाउटरनं, ते वहीत लिहून घेतलं. हॉलंडहून समुद्रापार कायांबे गावच्या या गुलाबांच्या मळ्यावर येऊन त्याला आठ महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्यानं निम्मा मळा रडवला होता. मनात येईल ते तोंडावर. फुलं कापणाऱ्या सेगुन्दोला तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुम्ही कापलेले देठ वाईट आहेत.” सेगुन्दोनं मान हलवली, “हो साहेब” म्हणाला, कात्री पुसून खुंटीला अडकवली आणि घरी जेवायला गेला. तो परत आलाच नाही.

“पण तो ‘हो’ म्हणाला होता!” वाउटर आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता.

मग त्यानं होविताकडे इथल्या रीतीनं बोलायची शिकवणी मागितली. काम सुटल्यावर रोज अर्धा तास, ऑफिसात. तेव्हा तिथल्या खिडकीतून ज्वालामुखीवरचं बर्फ पार खांद्यापर्यंत उतरलेलं दिसायचं.

होविताला हा माणूस भावला होता, तो त्याच्या सडेतोडपणामुळेच. तिला तो म्हणाला होता, “होविताबाई, तुमची नजर पक्की आहे. पण फुलांच्या प्रतवारीचं मशीन येतंय आणि त्याला कॉम्प्युटर आहे. तो तुम्हाला येत नाही. शिका.” दोन दिवस तिला घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गावातल्या वर्गात नाव घातलं. बावन्नाव्या वर्षी, शनिवार-रविवार, नातवंडांच्या वयाच्या पोरींशेजारी. काट्यांनी सोललेल्या बोटांना एकेक अक्षर सापडायला मिनिट लागायचं.

मशीन आलं की प्रतवारीच्या दोघींपैकी एकच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. होविता, नाहीतर मेल्बा. पन्नाशी उलटलेल्या बाईला त्या दरीतला दुसरा कुठलाही मळा दारात उभं करत नसे. होविताच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती.

“शिक, बाई, शिक,” मेल्बा जेवायच्या सुटीत म्हणायची. “तू हो मडमीण. मी आपली डुकरं राखीन. नाहीतरी या डोळ्यांना आता एका कळीच्या दोन दिसतात.”

“गप गं.”

“मला काय कळत नाही होय? तो रोज तुला बोलावतो. मला कधी बोलावलं?”

आपलं ठरलं, या विचारानं होविताला बरं वाटायचं. मेल्बाकडे पाहिलं की ते बरं वाटणंच खुपायचं.

तिसऱ्या आठवड्यात वाउटरनं पेन खाली ठेवलं. “कुणाला कामावरून कमी करायचं असलं, तर तुमच्यात कसं सांगतात?”

त्याच्याकडूनच शिकलेल्या रीतीनं होवितानं सरळ विचारलं, “मेल्बाला का?”

वाउटरनं पेन पुन्हा उचललं. “मेल्बाबाईंच्या डोळ्यांची मला फार काळजी वाटते,” तो म्हणाला.

आठ महिन्यांपूर्वी हा माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणाला असता. शिकला, तिला वाटलं. त्याचं कौतुक वाटलं आणि स्वतःची शरम.

मग तिनं जीव ओतून शिकवलं. मेल्बासाठी.

“ते वाक्य बोलायचंच नाही, साहेब. तिचं तिला कळू द्यायचं. समोर खायला ठेवा. तिनं केलेलं एखादं काम आठवून सांगा, जे कुणी पाहिलं नाही असं तिला वाटत असेल. इतक्या वर्षांच्या कामाचे आभार माना. आणि निघताना तिचं गाठोडं तुम्ही उचलायचं, थेट फाटकापर्यंत. बघणाऱ्यांना वाटलं पाहिजे, पाहुणी चाललीय. हाकललेली बाई स्वतःचं गाठोडं स्वतःच नेते.”

“फाटकापर्यंत,” वाउटरनं लिहिलं. “शुक्रवारी सगळं एकदा करून बघू.”

शुक्रवारी टेबलावर कापड अंथरलेलं होतं. खुसखुशीत बिस्कोचो बिस्किटं, ताजं चीज, लिंबाच्या वासाच्या पाल्याचा वाफाळता चहा. होविता खुर्चीत नीट टेकेपर्यंत तो बोलला नाही.

“आई कशी आहे?”

“कूस वळते आता.”

“गाय?”

“आटली मेली.”

“आणि मुलगी?”

“फोन आला होता. तिकडं थंडी फार, म्हणते.”

तो प्रत्येक उत्तरानंतर थांबत होता. घाई नव्हती. तिनं मनात गुण द्यायला सुरुवात केली.

“गेल्या गारपिटीत,” तो म्हणाला, “सगळे आडोशाला पळाले. तुम्ही एकट्या छपराचं फाटलेलं प्लास्टिक दोन्ही हातांनी धरून झाडांपाशी उभ्या होतात. मी या खिडकीतून पाहत होतो. कधी बोललो नाही.”

होविताचे डोळे भरून आले. “छान जमलं. पण मेल्बाला हे नका सांगू, ती तेव्हा आजारी होती. तिचं दुसरं काहीतरी शोधा.”

“चौदा वर्षं,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्यांचे आभार.”

“नऊ, साहेब. मेल्बाला नऊच झालीत.”

वाउटरनं चूक लिहून घेतली नाही. आज त्यानं वही आणलीच नव्हती.

“असू दे,” ती हसत म्हणाली आणि एक बिस्कोचो आईसाठी रुमालात बांधून घेतला. “दहापैकी दहा! आता माझ्याकडून शिकण्यासारखं तुमचं काही राहिलं नाही.”

वाउटर उठला. दाराजवळच्या स्टुलावर तिचं गाठोडं होतं; आत शाल, रिकामा डबा आणि त्याला दाखवायला म्हणून आणलेलं कॉम्प्युटरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र. त्यानं ते गाठोडं उचललं, खांद्याला लावलं आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.