सबंध कुंतलाहरण

“पदं तेवढी धरून ठेवा, पंत. मधलं गद्य कोण ऐकतो?” रघुनाथ वकील म्हणाले, तेव्हा हरिहरपंतांनी त्यांच्याकडे आमटीत माशी पडावी तसं पाहिलं.

“लोणचं चाटून जेवण झालं म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही,” पंत म्हणाले. “तुमच्याशी काय बोलायचं!”

ठाण्यात नाटकवेडे खंडीभर होते, पण पंतांच्या मते त्यांत जाणता एकटा स्वतः पंत. बाकीच्यांनी पदांचं चोपडं मांडीवर घ्यावं, ‘वन्स मोअर’ म्हणून गळे काढावेत आणि गद्य सुरू झालं की शेंगा सोलाव्यात. पंतांना ‘संगीत कुंतलाहरण’ सबंध हवं होतं, नांदीपासून भरतवाक्यापर्यंत. विदूषकाचं शिंकणंसुद्धा सोडायचं नव्हतं. त्यासाठी त्यांनी मुंबईहून बोलकं यंत्र आणवलं होतं. कर्ण्यात बोललं की आतली सुई फिरत्या मेणाच्या नळीवर आवाज कोरून ठेवी, आणि नळी पुन्हा फिरवली की तोच आवाज ऐकू येई. एका नळीत दोन मिनिटं मावत. नाटक पाच तासांचं. नळ्या दीडशे आल्या.

घाई उत्तमबुवांमुळे होती. कुंतलेचं काम बुवा वीस वर्षं करत होते, आणि आता त्यांचा घसा जात चालला होता. त्यांच्या नाटक मंडळीचा मुक्काम कल्याणला होता. नऊ दिवसांत सबंध नाटक नळ्यांत भरायचा बेत घेऊन पंत तिथे गेले तेव्हा बुवा गळ्याला लोकरी पट्टा गुंडाळून बसले होते.

“वैद्य म्हणतात, गप्प राहिलात तर निदान बोलण्यापुरता आवाज टिकेल,” बुवा म्हणाले. “नऊ दिवस तुमच्या यंत्रात ओरडलो तर तोही जाईल.”

“जाईना का! तो गप्प राहून टिकवायचा कशासाठी? बाजारात वांग्यांचा भाव विचारायला? तुमच्यामागून जी पोरं लुगडी नेसून उभी राहतील, त्यांचं ऐकण्यापेक्षा मी कानात शिसं ओतून घेईन.”

बुवांनी गळ्याचा पट्टा सैल केला. मग म्हणाले, “येतो. पण एक अट आहे. मी स्वतःला कधी ऐकलेलं नाही, पंत. एकदा मला ऐकवा.”

घरी नळ्यांचं खोकं उघडलं तेव्हा सखुबाई केर काढत होती. ती कोपरीची, नवरा मिठागरावर खपायचा आणि घर चालायचं ते पंतांकडच्या कामावर. तिनं वाकून विचारलं, “पंत, यात काय भरायचा?”

“तुझी अक्कल. मावेल आरामात.” पंतांनी एक नळी उजेडात धरली. “तुला समजावण्यात मी जन्म घालवणार नाही. एवढंच बघ. कशी गुळगुळीत आहे? एकीवरही ओरखडा दिसला तर दुसरं घर शोध.”

नऊ दिवस मंडळी रोज सकाळी कल्याणहून येत. सारंगी, तबला, पेटी कर्ण्याभोवती कोंडाळं करून बसत. दोन मिनिटं झाली की पंत हात वर करत. वाक्य तिथेच तुटे आणि दुसरी नळी चढे. सखुबाईच्या बांगड्या वाजतात म्हणून पंतांनी तिला नऊही दिवस परसातून आत पाऊल टाकू दिलं नाही. तबलजी खोकला, त्याला “गाढवा” म्हणाले. नवव्या दिवशी बुवांनी भरतवाक्य म्हटलं. शेवटचा सूर लागला आणि बुवा खाली बसले. पंतांनी शाबासकी दिली, तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले. घशातून शब्द फुटत नव्हता.

मुंबईच्या दुकानदारानं बजावलं होतं की वाजवावी तितकी नळी झिजते. तेव्हा आधी कुणीच काही ऐकायचं नाही, पहिलं ऐकणं सर्वांसमक्ष, असं ठरलं. नळ्या कपाटात गेल्या. मंडळीला आमंत्रण करायला पंत दोन दिवस कल्याणला गेले. जाताना सखुबाईला म्हणाले, “कपाटात धूळ शिरू देऊ नकोस. बाकी डोकं चालवू नकोस.”

रविवारी दुपारी गावची प्रतिष्ठित मंडळी जमली. उत्तमबुवा पुढे बसले, कर्ण्याच्या अगदी तोंडाशी. त्यांनी नवा अंगरखा घातला होता.

पंतांनी पहिली नळी चढवली. खर्र, खर्र. दुसरी. खर्र. त्यांनी मधल्या अंकातली काढली, मग शेवटची, भरतवाक्याची. कर्ण्यातून सुपात तांदूळ घोळल्यासारखा आवाज तेवढा आला. वकील मिशीत हसले.

ते हसू पंतांना सोसवलं नाही. “यंत्र विलायतेचं आहे, ते खोटं बोलत नाही,” ते कडाडले. “आवाज यायला तो आधी गळ्यात असावा लागतो. या बुवांच्या गळ्यात काही उरलेलंच नव्हतं! आणि मी मूर्ख, नऊ दिवस यांच्यापुढे कर्णा धरून बसलो.”

बुवांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नुसता वारा आला. ते उठले, भिंतीला हात लावत दाराकडे गेले. त्यांना वाट देत सखुबाई बाजूला सरली. पंतांचा चेहरा लालबुंद झालेला तिला दिसला. हा राग आपल्यावर येण्याआधी सांगून टाकलेलं बरं.

“पंत, नल्यांवर नका रागावू,” ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली. “तुमी कल्यानला गेल्याव नं, तवा बघलं, समद्या नल्यांवर बारीक बारीक रेघा उठलेल्या. मी भ्यायली. दोन दिस बसून घासलेटानं पुसून काढल्या. आता येकीवर पन रेघ नाय.”