मेलबॉक्सनं घर बदललं

"मॅडम, आमचे सर्व्हर तीन आहेत. समोरचा मेल कुठल्या सर्व्हरवरून आला, ते ओळखून दाखवा," पोस्टमास्तर म्हणाले.

रुग्णालयात सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत. मेलची अख्खी यंत्रणा त्यांनी एकहाती उभी केली होती. तपासनीस बाईंनी आज 'पास' म्हटलं, तर हीच यंत्रणा शहरातल्या सगळ्या रुग्णालयांत बसणार होती. नाही म्हटलं, तर सारंच बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं. बाई तिशीच्याही नव्हत्या.

"मॅडमनी नियमाप्रमाणे सांगायचं ते मला आधीच सांगितलंय," संचालक पोस्टमास्तरांना म्हणाले. "तपासणीला दुसरं कुणी मागवायचं असेल, तर आत्ताच बोला."

"छे! ह्याच हव्यात. फक्त सवलत नको."

"ती मिळणारही नाही, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "समजावून सांगा."

पोस्टमास्तरांची कळी खुलली. समजावणं हा त्यांचा आवडता उद्योग.

"सर्व्हर तीन, पण दार एकच. दारावर प्रॉक्सी नावाचा द्वारपाल बसलाय. तुम्ही नाव सांगा, तुमचा मेलबॉक्स ज्या सर्व्हरवर आहे तिथं तो तुम्हाला नेऊन सोडतो."

"आणि एकाचा मेलबॉक्स दुसऱ्यालाही वाचायचा असेल तर?"

"तीच तर गंमत! रक्तपेढीचा मेलबॉक्स तिसऱ्या सर्व्हरवर, शस्त्रक्रिया विभागाच्या नर्स पहिल्यावर. पण त्यांना तो आपल्याच टेबलावर असल्यासारखा दिसतो."

बाईंनी नर्सच्या नावानं आत जाऊन पाहिलं. रक्तपेढीचे मेल समोर हजर. मग औषधभांडार पाहिलं, मग प्रयोगशाळा. कुठंही अडलं नाही. पोस्टमास्तरांनी संचालकांकडे असं पाहिलं, की जणू ते तीनही सर्व्हर त्यांनी अंगाखांद्यावर वाढवले होते.

चहा आला. पोस्टमास्तरांनी बिनसाखरेचा कप बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो न बघताच उचलला.

"सर, रक्तपेढीचा मेलबॉक्स तिसऱ्या सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवू?"

"हलवा की! खुशाल हलवा."

बाईंनी हलवला. रक्तपेढीच्या नावानं आत गेल्या. प्रॉक्सीनं त्यांना बिनचूक नव्या जागी नेलं. पोस्टमास्तर मिशीत हसले.

मग बाई पुन्हा नर्सच्या नावानं आत गेल्या. रक्तपेढीचा तोच मेलबॉक्स तिथून उघडला.

आत काहीच नव्हतं.

"पहिला सर्व्हर अजून तिसऱ्याकडेच चौकशी करतोय," बाई म्हणाल्या. "तिसऱ्याचा पत्ता तुम्ही त्यात हातानं लिहून ठेवलाय ना?"

"कोण कुठं राहतं, ते मला तोंडपाठ आहे हो. कुणाला कधी हलवावंच लागलं नाही."

"तुम्हाला पाठ आहे, सर. सर्व्हरला नाही. आतल्या सर्व्हरनंही दारावर येऊन प्रॉक्सीलाच विचारायला हवं. घर कुणी बदललं, हे फक्त त्यालाच माहीत असतं."

पोस्टमास्तर पडद्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

"नापास," बाई म्हणाल्या.

"अहो, एवढ्याशा कारणानं?" संचालक कळवळले. "यांची आयुष्यभराची मेहनत आहे!"

"ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तपेढीचा निरोप नर्सना दिसला नाही तर?"

"मॅडमचं बरोबर आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "सही कुठं करू?"

एरवी ते जेवढी करत, त्याच्या दुप्पट मोठी सही त्यांनी ठोकली आणि ताठ मानेनं बाहेर पडले.

"काका, नापास झालात ना?" दाराबाहेर ऐकत उभ्या असलेल्या औषधभांडाराच्या भांडारपालानं हटकलं. "मग मिशीला पीळ कसला देताय?"

"तुला नाही कळायचं ते."

जिन्यात त्यांनी घरी फोन लावला.

"झालं का हो? वाद नाही ना घातलात?" बायकोनं विचारलं.

"कसला वाद! साफ नापास. जरासुद्धा दयामाया नाही. संचालक रदबदली करायला गेले, तर त्यांनाही गप्प केलं. काय बाई आहे!"

पलीकडून बायको म्हणाली, "बरं. आता तुमच्या लेकीला म्हणावं, बापाला नापास करून झालं असेल, तर आज जेवायला घरी ये."