पिवळा ठिपका

"मिस्त्री, हा तुमचा बावीसचा पाना," शेजारचा टायरवाला दारातूनच म्हणाला. "दुपारी तुम्ही गाडीखाली होतात तेव्हा मागून नेला होता. द्यायचा राहूनच गेला बघा."

"तू वस्तू परत करतोस हेच नवल," मिस्त्री म्हणाला. पाना खिळ्याला अडकवायला त्याने हात वर नेला आणि तो हात तिथेच थांबला.

दुपारी गाडीखाली, म्हणजे चष्मेवाल्याच्या गाडीखाली. चांगली उंच, धडधाकट गाडी, पण मालकाला ती जमिनीला टेकलेली हवी होती. हौसेपुढे कोण काय बोलणार? मिस्त्रीने चारही चाकांवर आखूड स्प्रिंगा बसवल्या. गाडी अशी खाली बसली की पुढची चाकं वाकडी तोंडं करतात, म्हणून मग अलाइनमेंट. सूनबाई मशीनच्या पडद्यावरचे आकडे बघून सांगत होती, "बाबा, डावं अजून थोडं बाहेर. बास, बास." खाली खड्ड्यात उभा राहून मिस्त्री टायरॉड फिरवत होता. स्टिअरिंग वळलं की चाकाला वळवतो तो दांडा. चाक सरळ झालं की दांड्यावरचा नट बावीसच्या पान्याने करकचून आवळायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्याची उभ्या आयुष्याची रीत. ठिपका दिला म्हणजे मिस्त्रीने शब्द दिला.

ठिपके दिलेले त्याला स्वच्छ आठवत होते. डावा, मग उजवा. बोटाला रंग अजून होता. पण पाना तर टायरवाल्याकडे होता. नट सैल केले, पाना वर देऊन टाकला, आणि पुढे? मग नट आवळले कशाने?

चष्मेवाला बायको आणि तान्ह्या मुलाला घेऊन डोंगर उतरून जाणार होता. प्रत्येक वळणावर तो दांडा थोडा थोडा फिरणार आणि एखाद्या वळणावर चाक स्टिअरिंगचं ऐकायचंच नाही. मिस्त्रीने फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली.

"बाबा, काही होणार नाही," सूनबाई उठून म्हणाली. "तुम्ही आधी घोटभर पाणी प्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

ती जॅक मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसली.

गाडी सापडली ती उतार सुरू होण्याआधीच्या पेट्रोल पंपावर. बाळाला दूध पाजायला थांबली होती. ते बाळ बघून मिस्त्रीला रडू आवरेना. कसंबसं "एक मिनिट बघतो हं" एवढंच बोलून त्याने जॅक लावला आणि खाली शिरला.

पाना डाव्या नटाला लावला, जोर दिला. नट हलला नाही. सगळं अंग घालून पाहिलं, तरी नाही. उजवाही तसाच, दगडासारखा घट्ट. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण मग हे आवळले कुणी? त्याने बॅटरी मारली. पिवळ्या ठिपक्याशेजारी आणखी एक ठिपका होता. बारीक, लाल, चकचकीत.

हा लाल रंग त्याच्या डबीतला नव्हता. त्याने मान वळवली. चाकापलीकडे सूनबाईची चप्पल दिसत होती आणि चपलेतल्या बोटांवर तेच लाल नेलपॉलिश.

ती गॅरेजमध्ये आली त्या पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, माझ्या हाताखालून गेलेल्या नटाला दुसऱ्याचा पाना लागलेला मला खपणार नाही. ती मान हलवून हो म्हणाली होती. तेव्हापासून मशीन तिच्याकडे होतं. हल्ली मात्र काम झालं की ती फोन आणि एक जड पिशवी घेऊन खड्ड्यात उतरायची, गॅरेजच्या जाहिरातीसाठी फोटो काढायला. "गाडीचं पोट बघणार कोण?" हात धुता धुता मिस्त्री तिला चिडवायचा.

त्याने बॅटरी पुढे सरकवली. स्प्रिंगांखालचे बोल्ट एकेक करून बघितले. पिवळा आणि लाल. पिवळा आणि लाल. पुढच्यावरही पिवळा आणि लाल.

शेवटच्यावर फक्त लाल.

तो बोल्ट आवळायचा तो विसरूनच गेला होता; आवळला होता तिने. त्याने बॅटरी विझवली.

"मिस्त्री, काही राहिलं होतं का?" चष्मेवाल्याचा आवाज आला.

"नाही हो," सूनबाई चटकन म्हणाली. "माझाच एक फोटो राहिला होता. बाबांना कामात जराही कमी चालत नाही."

मिस्त्री अंधारात तसाच पडून राहिला. बाहेर यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. चष्मेवाला बाळाला घ्यायला पलीकडे गेला तेव्हा चप्पल जवळ आली. ती खाली वाकली असावी.

"कधीपासून?" त्याने आतूनच विचारलं.

"बरेच महिने झाले, बाबा."

"घरात कुणाला बोललीस?"

"नाही."

त्याने गाडीखालून हात बाहेर काढला. बावीसचा पाना तिच्या हाताला लागेल असा धरला.

"हा आता तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "रंगाची डबी तेवढी माझ्याकडे राहू दे."